साखरेच्या केमिस्ट्रीत मायक्रोवेव्ह आणि सोनिकेटर : नवीन आलेल्यांनी सुरुवात कुठून करायची

कोल्हापूरच्या पोरांना साखर काही नवीन नाही, घरातल्या कोणाचा तरी ऊस कारखान्याला जातो, गुऱ्हाळावर गरम गूळ खाल्लेला असतो, पण एमएस्सीच्या प्रोजेक्टला ग्लुकोज हातात पडलं की निम्मे जण गडबडतात. कारण साधं आहे. साखर पाण्यात झटकन विरघळते पण आपण नेहमी वापरतो त्या ऑरगॅनिक सॉल्व्हंटमध्ये ढिम्म बसून राहते, आणि जास्त तापवली की काळी पडते. रात्रभर रिफ्लक्स (वाफ गार करून परत फ्लास्कमध्ये सोडत उकळणं) लावून सकाळी यायचं तर फ्लास्कच्या तळाला डांबर. त्यामुळं कोणीतरी सांगतं की मायक्रोवेव्हमध्ये टाक, दुसरा सांगतो सोनिकेटरमध्ये (अल्ट्रासाउंड देणारं मशीन) ठेव, आणि मग दोन्ही करून बघतात, का करतोय ते माहीत नसताना. हा लेख त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. मायक्रोवेव्ह उष्णता देतो, अल्ट्रासाउंड घुसळण देतो. त्यामुळं मशीनकडं जायच्या आधी स्वतःला विचारायचं की माझी रिॲक्शन अडलीय कशात? सगळं विरघळलंय, सोल्युशन स्वच्छ आहे, पण पुढं सरकत नाही, तर उष्णता कमी पडतेय, मायक्रोवेव्ह घ्या. पावडर तळाला बसलीय, दोन थर झालेत, धातूचा पृष्ठभाग मळकट झालाय, तर मिसळणं कमी पडतंय, सोनिकेटर घ्या. हे न ओळखता केलेलं काम बहुतेक वेळा वाया जातं.

मायक्रोवेव्ह म्हणजे नक्की काय होतं

लॅबचा असो की घरचा, मायक्रोवेव्ह चालतो 2.45 गिगाहर्ट्झवर, तरंगाची लांबी साधारण 12 सेंटिमीटर. या लहरींच्या एका फोटॉनची ऊर्जा इतकी कमी असते की कुठलाही केमिकल बाँड त्यानं तुटत नाही, म्हणून "मायक्रोवेव्ह बाँड तोडतो" असं व्हायव्हात चुकून पण बोलू नका. होतं काय, तर ध्रुवीय रेणू बदलत्या फील्डबरोबर फिरायला बघतात, त्यांना तेवढ्या वेगात जमत नाही, घर्षण होतं आणि सॉल्व्हंट आतून गरम होतो. आयन असतील तर ते पण पुढंमागं पळतात आणि अजून तापवतात. गुऱ्हाळात काहिलीखाली चुलवाण असतं म्हणून तळाचा रस आधी तापतो आणि ढवळायचं थांबलं की तळाला लागतो, ऑइल बाथमध्ये आपला फ्लास्क नेमका तसाच तापत असतो. मायक्रोवेव्हमध्ये तापणारी काचेची भिंत नाही, रिॲक्शन मिक्श्चर स्वतःच तापतं, म्हणून साखर भिंतीला लागून करपण्याचं प्रमाण कमी होतं. साखरेच्या केमिस्ट्रीत याचं महत्त्व फार आहे.

कुठला सॉल्व्हंट किती तापतो ते त्याच्या लॉस टॅन्जंटवरून कळतं, म्हणजे मायक्रोवेव्हची ऊर्जा तो उष्णतेत किती चांगली बदलतो त्याचा आकडा, जितका मोठा तितका लवकर तापतो. इथिलीन ग्लायकॉल 1.35, इथेनॉल 0.94, डीएमएसओ 0.82, मिथेनॉल 0.66, डीएमएफ 0.16, पाणी 0.12, ॲसिटोनायट्राइल 0.06, टोल्युइन 0.04, हेक्झेन 0.02. म्हणजे मिथेनॉल झटक्यात तापतो आणि टोल्युइन घेऊन बसलात तर मशीन पूर्ण पॉवर देत राहील आणि तापमान जागचं हलणार नाही. तेव्हा सॉल्व्हंट बदला, नाहीतर थोडं आयनिक लिक्विड (आयनांचंच बनलेलं द्रव मीठ) घाला.

वेळ का वाचतो हेही समजून घ्या. ढोबळ नियम असा की 10 अंश वाढले की वेग साधारण दुप्पट होतो. मिथेनॉल उघड्यावर 65 अंशाला उकळतो, बंद व्हायलमध्ये (काचेची छोटी बाटली) 125 पर्यंत नेला तर सहा वेळा दुप्पट, म्हणजे 64 पट, आठ तासांचं काम सात-आठ मिनिटांत. जादू वगैरे काही नाही. 1986 मध्ये गेडी आणि गिगेअर यांच्या गटांनी घरगुती ओव्हनमध्ये केलेल्या रिॲक्शन छापल्या तेव्हापासून "उष्णतेशिवाय वेगळा मायक्रोवेव्ह इफेक्ट" यावर बरीच वर्षं वाद चालला. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या काप्पे यांच्या गटानं सिलिकॉन कार्बाइडच्या व्हायल वापरल्या, त्या मायक्रोवेव्ह स्वतः शोषून घेतात आणि आतल्या मिश्रणापर्यंत फील्ड जवळजवळ पोचतच नाही, तरी बहुतेक रिॲक्शनचा निकाल तोच आला. म्हणजे जे होतं ते तापमानामुळंच. माझं मत विचाराल तर थिसिसमध्ये स्पेशल इफेक्टबद्दल लिहायच्या आधी त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळेला ऑइल बाथमध्ये बंद ट्यूब लावून बघावी, ही एक ट्यूब लावायला फारच कमी लोक तयार होतात.

घरचा ओव्हन वापरू नका

हे मी कळकळीनं सांगतोय. प्रोजेक्टला पैसे नाहीत म्हणून स्वयंपाकाचा ओव्हन लॅबमध्ये आणायची पद्धत अजून आहे. त्यात तापमान कळत नाही, प्रेशर कळत नाही, ढवळणं नाही, आणि फील्ड सगळीकडं सारखं नसतं, एका कोपऱ्यात मिश्रण उकळत असतं आणि शेजारी थंडच. वर आत इलेक्ट्रिकल पार्ट आहेत, सॉल्व्हंटची वाफ भरली आणि ठिणगी पडली की दार उडतं. पॉवर सेटिंग पण फसवी असते, 50 टक्के म्हणजे निम्मी ताकद असं बऱ्याच ओव्हनमध्ये नसतं, पूर्ण पॉवर थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असं असतं. आपल्या कॉलेजात मशीन नसेल तर विद्यापीठात किंवा शेजारच्या कॉलेजात गाईडच्या पत्रानं विचारा, लोक नाही म्हणत नाहीत.

लॅबच्या मशीनवर बसायच्या आधीचे नियम : व्हायल दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायची नाही. मॅग्नेटिक बार टाकायचाच. झिंक, मॅग्नेशियम, लोखंडाची पावडर आत घालायची नाही, ठिणग्या उडतात. शुगर अझाइड, नायट्रेट एस्टर, परक्लोरेट असलं काही असेल तर गाईडला विचारल्याशिवाय बंद व्हायलमध्ये तापवायचं नाही. संपल्यावर 50 अंशाखाली आल्याशिवाय झाकण काढायचं नाही, मशीनवर आकडा 50 दिसत असला तरी इन्फ्रारेड सेन्सर व्हायलची बाहेरची काच मोजतो, आतलं अजून गरम असू शकतं, दोन मिनिटं अजून थांबा. आणि मशीनला चांगला यूपीएस असू द्या. रन चालू असताना लाइट गेली तर रिॲक्शन किती वेळ गरम राहिली याचा हिशोबच राहत नाही, आणि मग तो आकडा वहीत लिहिण्यात अर्थ नाही.

पहिला प्रयोग : ग्लुकोज पेंटाॲसिटेट

सुरुवात यानंच करा. ग्लुकोजच्या पाचही ओएच ग्रुपवर ॲसिटिल बसतं, प्रॉडक्ट पाण्यात विरघळत नाही म्हणून वेगळं काढायला सोपं, आणि मेल्टिंग पॉइंटवरून लगेच कळतं की काय मिळालं. जुनी पद्धत म्हणजे वॉटर बाथवर अडीच तास.

पहिलं काम सोडियम ॲसिटेट कोरडं करणं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या पावसात हेच सगळ्यात जास्त नडतं. बाटलीतलं ट्रायहायड्रेट पोर्सेलिन डिशमध्ये घेऊन हलक्या आचेवर तापवा. आधी ते आपल्याच पाण्यात विरघळून पातळ होतं, मग पाणी उडालं की पांढरं घट्ट होतं, आणि आच वाढवली की परत वितळतं. हे दुसरं वितळणं दिसलं पाहिजे, पहिल्यालाच थांबलात तर पाणी आतच राहिलं. गरम असतानाच काचेच्या दांड्यानं मोडा, डेसिकेटरमध्ये थंड करा, खलात बारीक करा आणि बारीक केल्या केल्या वापरा, झाकण उघडं राहिलं तर अर्ध्या तासात हाताला ओलसर लागायला लागतं.

मग 50 मिलीच्या राउंड बॉटममध्ये कोरडं ग्लुकोज 1 ग्रॅम, हे सोडियम ॲसिटेट 0.8 ग्रॅम आणि ॲसिटिक अनहायड्राइड 5 मिली. अनहायड्राइड नियंत्रित पदार्थांच्या यादीत आहे, त्यामुळं स्टोअरच्या रजिस्टरला नोंद करूनच घ्यायचं, आणि फ्युम हूडमध्येच ओतायचं, डोळ्यांत पाणी आणतं. पहिल्यांदा करताना बंद व्हायल नको, ओपन व्हेसल मोड घ्या, वर कंडेन्सर लावा, कारण ॲसिटिलेशन स्वतःच उष्णता सोडतं आणि बंद भांड्यात तापमान ठरवलेल्या आकड्याच्या पुढं पळू शकतं. 100 अंश सेट करा, पॉवर कमी ठेवा, पाच मिनिटं. सुरुवातीला दुधाळ दिसतं, मग स्वच्छ होत जातं. पाच मिनिटांनी टीएलसी (पातळ थराच्या प्लेटवर पदार्थ वेगळे करून बघणं), सुरुवातीचं काही उरलं असेल तर अजून पाच.

टीएलसीबद्दल नवीन लोक हमखास अडतात म्हणून सविस्तर. साखरेत यूव्ही शोषणारं काही नाही, प्लेट लॅम्पखाली धरली तर कोरी दिसेल, म्हणजे रिॲक्शन झाली नाही असं नाही. इथिल ॲसिटेट आणि हेक्झेन समान प्रमाणात घेऊन प्लेट चालवा, वाळवा, मिथेनॉलमधल्या 10 टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवा आणि हॉट प्लेटवर तापवा. साखर करपते आणि काळे-तपकिरी ठिपके उठतात. पेंटाॲसिटेट वर चढतं, न झालेलं ग्लुकोज जिथं लावलं तिथंच बसून राहतं, आणि मधे ठिपक्यांची रांग दिसली तर काही ओएच अजून मोकळे आहेत.

थंड झालं की 50 मिली बर्फाच्या पाण्यात बारीक धारेनं ओता आणि ढवळत राहा. कधी कधी आधी तेलकट गोळा होतो, घाबरायचं नाही, काचेच्या दांड्यानं बीकरच्या तळाला घासत बसायचं, उरलेलं अनहायड्राइड पाण्याशी रिॲक्ट होऊन संपलं की तो गोळा पांढऱ्या खड्यांचा होतो. गाळा, पाण्यानं धुवा, इथेनॉलमधून रिक्रिस्टलाइज करा. हिशोबानं 1 ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त 2.17 ग्रॅम. सोडियम ॲसिटेट वापरलं तर मुख्यतः बीटा मिळतं (अल्फा आणि बीटा यांत पहिल्या कार्बनवरच्या ग्रुपची दिशा तेवढी वेगळी), मेल्टिंग पॉइंट 131-132 च्या आसपास. झिंक क्लोराइड किंवा आयोडीन वापरलं तर अल्फा, 110-113. दोघांचं मिश्रण असेल तर आकडा खाली येतो आणि पसरतो. मेल्टिंग पॉइंट यासाठीच, यील्ड कितीही चांगली आली तरी तो घेतल्याशिवाय प्रयोग संपला असं समजू नका.

दुसरा : मिथाइल ग्लुकोसाइड, बंद व्हायलमध्ये

एमिल फिशरनं 1893 मध्ये ही रिॲक्शन दिली, साखर आणि अल्कोहोल ॲसिडबरोबर गरम करायचं. ग्लुकोज 1 ग्रॅम, कोरडं मिथेनॉल 5 मिली, ॲसिडिक आयन एक्सचेंज रेझिन (ॲसिडचं काम करणारे घन मणी) साधारण अर्धा ग्रॅम, बंद व्हायल, 100 ते 110 अंश, दहा मिनिटांपासून सुरुवात. रेझिनचा फायदा हा की शेवटी फक्त गाळायचं, न्यूट्रल करत बसायला नको. 120 च्या पुढं नेऊ नका, रेझिन खराब व्हायला लागतं, आणि तिथं मिथेनॉलचं प्रेशर पण सहा बारच्या वर जातं.

इथं वेळेला जास्त किंमत आहे. सुरुवातीला पाच अणूंचं कडं, म्हणजे फ्युरॅनोसाइड, पटकन बनतं, आणि जसजसं ठेवाल तसतसं ते सहा अणूंच्या कड्याच्या पायरॅनोसाइडमध्ये बदलत जातं, त्यातही अल्फा जास्त. त्यामुळं दोन, पाच, दहा, वीस मिनिटांच्या चार वेगळ्या व्हायल लावा आणि एकाच प्लेटवर शेजारी शेजारी चालवा. कायनेटिक आणि थर्मोडायनॅमिक प्रॉडक्ट हा धडा एका दुपारी डोळ्यांसमोर दिसतो. मिश्रण पिवळं-तपकिरी व्हायला लागलं तर साखरेतून पाणी निघून फ्युरॅनवर्गातले पदार्थ बनायला लागलेत, तापमान कमी करा. फ्रुक्टोज असेल तर अजून सांभाळून, ते ॲसिडमध्ये ग्लुकोजपेक्षा कितीतरी लवकर एचएमएफ (हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युराल, त्याच फ्युरॅनवर्गातलं) होतं.

आता सोनिकेटर

अल्ट्रासाउंड म्हणजे 20 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज. द्रवातून जाताना बारीक बुडबुडे तयार होतात, वाढतात आणि एकदम कोसळतात, त्या क्षणी तेवढ्या टिचभर जागेत तापमान काही हजार अंश आणि प्रेशर शेकडो बार होतं, पण इतक्या थोड्या वेळासाठी की फ्लास्क बाहेरून जवळपास थंडच. घन कणाजवळ बुडबुडा कोसळला तर द्रवाची बारीक पिचकारी त्या कणावर आदळते, कण फुटतो, त्याच्यावरचा थर निघतो. साखरेचा रवा ॲसिटोनमध्ये पडून असतो ना, त्याला नेमकं हेच पाहिजे.

सोनिकेटर दोन तऱ्हेचे, बाथ म्हणजे पाण्याची टाकी आणि प्रोब म्हणजे थेट द्रवात बुडवायची दांडी. बाथ साधारण 35-40 किलोहर्ट्झचा असतो, प्रोब 20 चा. नवीन माणसानं बाथनंच सुरुवात करावी. बाथमध्ये ताकद सगळीकडं सारखी नसते, ते आधी तपासा : ॲल्युमिनियम फॉइलचा सपाट तुकडा पाण्यात उभा धरा, मिनिटभर बाथ चालू ठेवा, बाहेर काढून उजेडाकडं धरा. काही पट्ट्यांत फॉइल टाचणीनं टोचल्यासारखी चाळण झालेली दिसते आणि मधल्या पट्ट्या कोऱ्या. फ्लास्क चाळण झालेल्या जागी ठेवायचा, क्लॅम्पनं पक्का, आणि पाण्याची पातळी प्रत्येक वेळी तीच. पाण्यात डिटर्जंटचे दोन थेंब टाका. राउंड बॉटमपेक्षा सपाट तळाच्या कोनिकल फ्लास्कमध्ये आवाज चांगला पोचतो.

मायक्रोवेव्हच्या उलट इथं गार ठेवलेलं बरं. सॉल्व्हंट गरम झाला की बुडबुड्यात वाफ भरते आणि ती गादीसारखी मधे येते, कोसळण्याचा जोर जातो. बाथ तासभर चालला की पाणी आपोआप कोमट होतं, म्हणून बर्फाचे तुकडे टाकत राहा आणि दर दहा मिनिटांनी तापमान लिहा. बाथ चालू असताना हात आत घालू नका. प्रोब वापरणार असाल तर कानाला संरक्षण पाहिजेच, टोक काचेला लागू देऊ नका, आणि पल्स मोडवर चालवा. टोक टायटॅनियमचं असलं तरी झिजतं, प्रॉडक्टमध्ये करडी पूड दिसली तर ती तिथली.

सोनिकेटरचा प्रयोग : डायॲसिटोन ग्लुकोज

ग्लुकोज ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, पण त्याच्यावर दोन ॲसिटोन बसले की विरघळतं, म्हणजे रिॲक्शन होतेय का ते तळाकडं बघूनच कळतं. कोरडं ग्लुकोज अगदी बारीक करून 1 ग्रॅम, कोरडं ॲसिटोन 20 मिली, बर्फात गार करून काँसंट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड 0.8 मिली थेंब थेंब. वर कॅल्शियम क्लोराइडची ड्राइंग ट्यूब. बाथचा हीटर बंद, बाथ फ्युम हूडमध्ये, ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे 20 अंश आहे हे विसरायचं नाही. वीस-वीस मिनिटांनी टीएलसी. शेजारी दुसरा फ्लास्क तेवढ्याच वेळ, तेवढ्याच तापमानाला नुसत्या मॅग्नेटिक स्टिररवर ठेवा, तुलनेशिवाय सोनिकेटरनं फायदा झाला असं म्हणता येत नाही.

रिॲक्शनमध्ये पाणी सुटतं आणि पाणीच ती उलटी फिरवतं, म्हणून पावसाळ्यात ही जमत नाही अशी तक्रार येते. ग्लुकोज व्हॅक्यूममध्ये वाळवा, ॲसिटोन मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणारे मणी) ठेवलेलं घ्या. संपल्यावर गार असतानाच सोडियम कार्बोनेटनं न्यूट्रल करा, पीएच 7-8, आणि मगच सॉल्व्हंट उडवायला रोटाव्हेपरला लावा. घाईत थोडं ॲसिड राहिलं तर गरम होताना 5 आणि 6 नंबरच्या कार्बनवर बसलेलं ॲसिटोन (ॲसिटोनाइड) निघून जातं आणि मोनोॲसिटोन ग्लुकोज मिळतं, टीएलसीवर खालचा ठिपका तो. सॉल्व्हंट उडवून राहिलेलं डायक्लोरोमिथेनमध्ये घ्या, पाण्यानं धुवा, हेक्झेनमधून क्रिस्टल काढा. मेल्टिंग पॉइंट 110 च्या आसपास, जास्तीत जास्त यील्ड 1.44 ग्रॅम.

हात बसला की पुढं ग्लायकल (कड्यात डबल बाँड असलेली साखर) बनवायला झिंक पावडर, सिल्व्हर कार्बोनेटवाली कोनिग्स-क्नोर (ग्लायकोसाइड बनवायची रिॲक्शन), टिन घेऊन मोकळ्या साखरेचं ॲलिलेशन, अशा सगळ्या ठिकाणी सोनिकेटर कामाला येतो. सगळीकडं घन पदार्थ आहे हे लक्षात आलं असेल.

बगॅसकडं वळणाऱ्यांसाठी थोडं

आपल्याकडं प्रोजेक्ट फिरून फिरून चिपाडावर येतोच, आणि यायला पाहिजे, कच्चा माल दारात आहे. बगॅसमध्ये (रस काढून उरलेलं चिपाड) साधारण 40-45 टक्के सेल्युलोज, त्यानंतर हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून मायक्रोवेव्ह दिला की लिग्निन सुटायला मदत होते, आणि हेमिसेल्युलोज काढताना सोनिकेटर उपयोगी पडतो. पण लांब साखळीच्या पदार्थाला अल्ट्रासाउंड जास्त वेळ दिला तर साखळी तुटते, तीही साधारण मध्यावर, आणि मॉलिक्युलर वेट खाली येतं. स्टार्च, कायटोसॅन, भेंडीचा चिकट पदार्थ, सगळ्यांना हे लागू. तुम्हाला तेच पाहिजे असेल तर उत्तम, नसेल तर वेळ कमी ठेवा आणि व्हिस्कॉसिटी मोजत राहा. मोकळी झालेली साखर डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक ॲसिड) रिएजंटनं 540 नॅनोमीटरला मोजा, आणि ब्लँकमध्ये (साखर नसलेला नमुना) अल्कली तेवढीच असू द्या.

गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतला कोणी उद्योजक हे मोठ्या टाकीत करायचं म्हणाला तर त्याला आधीच सांगा की 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यासारख्या द्रवात काही सेंटिमीटरच आत जातात. 5 मिलीत जमलेलं 50 लिटरच्या टाकीत तसंच जमत नाही, तिथं मिश्रण बारीक नळीतून वाहतं ठेवून तापवावं लागतं. आणि वहीत "मायक्रोवेव्ह, 300 वॅट, 5 मिनिटं" एवढंच लिहिलेलं असेल तर दुसऱ्या कोणाला तो प्रयोग परत करता येणार नाही. मोजलेलं तापमान, ते कुठल्या सेन्सरनं, तिथं पोचायला किती सेकंद, किती वेळ धरलं, व्हायलचा आकार, आत किती मिली, ढवळणं चालू होतं का, आणि सोनिकेशन असेल तर फ्रिक्वेन्सी, बाथचं पाणी सुरुवातीला किती अंश आणि शेवटी किती, हे सगळं त्या त्या रनच्या पानावर, त्याच दिवशी.